अपेक्षापत्राकडून संवादाकडे : ‘सेंटिनेल’ प्रकल्पातील पद्धतिपालट

मोठ्या संस्थेसाठी संगणकप्रणाली तयार करणे हे काम वरवर पाहता अभियांत्रिकीचे आहे. परंतु त्याची आरंभीची व शेवटची ही दोन्ही टोके भाषेत असतात. आरंभी कोणीतरी आपणास काय हवे आहे ते शब्दांत सांगतो, आणि शेवटी तोच किंवा त्याच्या जागी आलेला दुसरा कोणी ‘हेच हवे होते’ अथवा ‘हे नव्हते’ असे म्हणतो. ह्या दोन विधानांमध्ये किती काळ जाऊ द्यावा, आणि पहिले विधान कितपत बंधनकारक मानावे, ह्या प्रश्नाची गेल्या अर्धशतकात जी दोन उत्तरे प्रामुख्याने पुढे आली, त्यांपैकी एकास ‘योजनानिष्ठ’ आणि दुसऱ्यास ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, पद्धती असे म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्या पद्धतीत सर्व अपेक्षा आधी लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग आज्ञावली, मग चाचणी आणि अखेरीस हस्तांतर असा क्रम असतो. दुसरीत लहानसा चालता भाग एकदोन आठवड्यांत करावयाचा, वापरणाऱ्यास दाखवावयाचा, आणि पुढे काय करावयाचे ते त्यानंतर ठरवावयाचे. एखाद्या संस्थेने पहिलीकडून दुसरीकडे जावयाचे ठरविले, तर तिच्यात प्रत्यक्ष काय बदलते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या तपाससंस्थेतील ‘सेंटिनेल’ प्रकल्प घेतला आहे. त्याचे अपयश आणि यश ही दोन्ही तेथील न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालांत नोंदली गेली आहेत; खाजगी कंपन्यांच्या पालटाविषयी असा साधार पुरावा क्वचितच उपलब्ध होतो.

प्रथम पारिभाषिक संज्ञांविषयी. योजनानिष्ठ पद्धतीच्या ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, ह्या लोकप्रिय नावाचा जनक म्हणून विन्स्टन रॉइस ह्यांचा १९७० सालचा निबंध सर्रास दाखविला जातो. वस्तुतः त्या निबंधात हा शब्द कोठेही नाही. रॉइस ह्यांनी टप्प्यांची उतरती आकृती काढली हे खरे. परंतु पाठोपाठ, नुसते असेच केले तर ते धोक्याचे आहे असा इशारा देऊन, नवीन प्रकारची प्रणाली असेल तर ती एकदा प्रायोगिक रूपात करून मग पुन्हा करावी, असे सुचविले. ‘वॉटरफॉल’ हा शब्द छापील रूपात बेल आणि थेयर ह्यांच्या १९७६ सालच्या निबंधात आढळतो. म्हणजे ज्या आकृतीपासून सावध राहावयाचे होते तीच आदर्श म्हणून रूढ झाली. १९८५ साली अमेरिकी संरक्षण खात्याने जे मानक लागू केले त्यातही टप्पे एकामागून एक घेण्याकडे व प्रत्येक टप्प्यावर दस्तऐवज मागण्याकडेच ओढ होती. ग्रंथाचा इशारा गळून आकृती तेवढी शिल्लक राहावी, हा प्रकार भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

‘अ‍ॅजाइल’ हे नाव २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांनी पसंत केले. त्यांनी काढलेल्या जाहीरनाम्याची वाक्यरचना मोठी लक्षणीय आहे. त्यातील चारही प्रमुख विधाने तुलनेची आहेत : प्रक्रिया व साधने ह्यांहून माणसे व त्यांचा परस्परव्यवहार, सर्वांगीण कागदपत्रांहून चालती प्रणाली, कराराच्या वाटाघाटींहून ग्राहकाचे सहकार्य, आणि योजनेबरहुकूम जाण्याहून बदलास प्रतिसाद, अशा चार जोड्या तेथे दिल्या असून, प्रत्येकीतील मागे टाकलेल्या पदालाही मूल्य आहे असे शेवटी स्पष्ट म्हटले आहे. पुढील प्रचारात ही तुलना बहुधा नकारात रूपांतरित झाली. ‘कागदपत्रांहून अधिक’ ह्याचे ‘कागदपत्रे नकोत’ असे झाले. बॅरी बेम आणि रिचर्ड टर्नर ह्यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात दोन्ही पद्धतींची क्षेत्रे वेगळी करून दाखविली. माणसांची संख्या, चूक झाल्यास होणारी हानी, अपेक्षा बदलण्याचा वेग, काम करणाऱ्यांचे कौशल्य आणि संस्थेची वृत्ती ह्यांवर निवड अवलंबून ठेवावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि ते आजही बाद झालेले नाही.

आता मुख्य अडचणीच्या शब्दाकडे वळावयास हवे. तो शब्द म्हणजे ‘रिक्वायरमेंट’. पुण्यातील संगणक-व्यवसायातल्या मराठी बोलीत तो तसाच वापरतात, आणि त्यामुळे त्याच्या पोटातील दोन अर्थ झाकलेलेच राहतात. मराठीत ह्या दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत : गरज आणि अट. गरज ही माणसाला असते. अट ही करारात असते. गरज सांगितली तरी ती पुरी उमगलेली असतेच असे नाही, आणि ती कालांतराने बदलते. अट ही लिहिली त्या क्षणी गोठते आणि तिचा अर्थ तिच्या शब्दांवरून लावला जातो. योजनानिष्ठ पद्धतीचे पहिले कृत्य म्हणजे गरजांचे अटींत रूपांतर करणे होय. इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे हे रूपांतर घडले आहे ह्याची जाणीवही होत नाही. तपासणी-अधिकाऱ्याची गरज आणि कंत्राटातील अट एकच आहेत असे गृहीत धरून दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे काम करीत राहतात.

हे रूपांतर किती महाग पडू शकते ते ‘सेंटिनेल’च्या आधी झालेल्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ह्या प्रकल्पात दिसून आले. एफ. बी. आय.मध्ये १९९५ पासून ‘ऑटोमेटेड केस सपोर्ट’ नावाची एक प्रणाली होती. परंतु तपासाची अधिकृत नोंद कागदावरच राहत असे. जून २००१ मध्ये नव्या प्रणालीचे काम सायन्स अ‍ॅप्लिकेशन्स इंटरनॅशनल कॉर्पोरेशन ह्या कंपनीकडे देण्यात आले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि संस्थेचे उद्दिष्टच बदलले. २००२ साली सुमारे सहा महिने वापरकर्ते आणि अभियंते ह्यांच्या बैठका होऊन आठशेहून अधिक पृष्ठांचे अपेक्षापत्र तयार झाले. त्यावर नंतर जी टीका झाली तिचा रोख पृष्ठसंख्येवर तितकासा नव्हता, आशयावर होता. ‘एका अधिकाऱ्याला दुसऱ्याकडे संदेश पाठविता यावा’ अशी गरज लिहिण्याऐवजी, पडद्यावर कोणते बटन कोठे आणि कोणत्या रंगाचे असावे, अशा अटी त्यात शिरल्या होत्या. गरज सांगणाऱ्याने उपायच सांगून टाकला, आणि उपाय करणाऱ्याने तो निमूटपणे लिहून घेतला.

१३ डिसेंबर २००३ रोजी प्रणाली सादर झाली. एफ. बी. आय.ने तीत सतरा दोष दाखविले. कंपनीचे म्हणणे असे की, ह्यांतील कित्येक गोष्टी मुळात मागितल्याच नव्हत्या. वाद लवादाकडे गेला. मार्च २००४ मधील निर्णयात त्या सतरांचे एकोणसाठ उपमुद्दे पाडण्यात आले. त्यांपैकी एकोणीस हे अपेक्षांतील बदल असून त्यांचा दोष एफ. बी. आय.कडे, तर उरलेले चाळीस कंपनीच्या चुका, असे ठरले. आठशे पानांचा मजकूर दोघांनी मिळून लिहिलेला. तरीही ‘काय मागितले होते’ हे ठरविण्यास तिसरा माणूस लागला. अधिक बारकाईने लिहिले म्हणजे अर्थ निःसंदिग्ध होतो, ह्या समजुतीला ह्यापेक्षा बोलके उत्तर शोधावयास नको. २००५ साली प्रकल्प गुंडाळण्यात आला, आणि त्यावर झालेला सुमारे १७ कोटी डॉलरांचा खर्च बहुतांशी वाया गेला.

त्याच्या जागी ‘सेंटिनेल’ आले. मार्च २००६ मध्ये लॉकहीड मार्टिन कंपनीस ३० कोटी ५० लाख डॉलरांचे कंत्राट मिळाले, एफ. बी. आय.चा स्वतःचा खर्च धरून एकंदर अंदाज ४२ कोटी ५० लाखांचा होता व तो पुढे ४५ कोटी १० लाखांवर गेला. मागील धडा गिरवून ह्या वेळी काम चार टप्प्यांत विभागले आणि डिसेंबर २००९ ही पूर्तीची मुदत ठेवली. येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण आजही अनेक संस्था ह्याच ठिकाणी स्वतःची फसगत करून घेतात. टप्पे पाडणे म्हणजे चपळ पद्धती नव्हे. टप्प्यांच्या योजनेत एकूण काय करावयाचे हे आधीच ठरलेले असते, आणि कामाची फक्त वाटणी केलेली असते. पहिल्या टप्प्यातून जे कळले त्याने चौथा टप्पा बदलेल अशी सोय तीत नसते. बदललाच तर तो ‘अपेक्षाबदल’ म्हणून, किमतीसह, मंजूर करून घ्यावा लागतो. भाकरी चार तुकडे करून वाढली म्हणून ती चार वेळा भाजली असे होत नाही.

पहिला टप्पा जून २००७ मध्ये कार्यान्वित झाला. दुसरा रेंगाळला. त्याचा अखेरचा खंड एफ. बी. आय.ने डिसेंबर २००९ मध्ये ‘सशर्त’ स्वीकारला. वास्तविक चाचणीत भाग घेतलेल्या वापरकर्त्यांचे अभिप्राय अत्यंत प्रतिकूल होते आणि वेग व सुलभता ह्यांबाबत गंभीर दोष आढळले होते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मधील आपल्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून ती उच्चारणे हीच एक कृती असते, असे दाखविले. स्वीकृती ही अशीच कृती होय. ‘स्वीकारले’ असे लिहिताच जबाबदारी हलते, देयके पुढे सरकतात आणि वेळापत्रकात एक रकाना भरतो. परंतु ‘सशर्त स्वीकारले’ ह्या पदात कृती आणि तिचा नकार एकत्र नांदतात. रकाना तर भरला, पण प्रणाली चालत नाही. योजनानिष्ठ पद्धतीत प्रगतीचे मोजमाप अशा भाषिक कृतींच्या मालिकेने होते, आणि म्हणूनच काम बिघडत असतानाही कागदावर ते बराच काळ ठीक दिसू शकते.

मार्च २०१० मध्ये काही कामे थांबविण्याचा आणि जुलै २०१० मध्ये सर्व नवे काम थांबविण्याचा आदेश निघाला. महानिरीक्षकांच्या ऑक्टोबर २०१० च्या अहवालानुसार ऑगस्टपर्यंत ४५ कोटी १० लाखांपैकी सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर खर्च झाले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे, तेही अपुरे, हाती आले होते. अठरा प्रकारच्या प्रपत्रांपैकी चारच संगणकावर आली होती, आणि तीही स्वाक्षरीसाठी छापून घ्यावी लागत. मायटर ह्या संस्थेच्या स्वतंत्र अंदाजाप्रमाणे जुन्या रीतीने काम पुरे करण्यास किमान ३५ कोटी १० लाख डॉलर आणि सहा वर्षे आणखी लागली असती.

येथे पालट झाला. चॅड फुल्गम हे त्या वेळी एफ. बी. आय.चे मुख्य माहिती अधिकारी आणि जेफ जॉन्सन हे तंत्रज्ञानप्रमुख होते. २०१० च्या शरदात संस्थेने प्रकल्पाची सूत्रे कंत्राटदाराकडून स्वतःकडे घेतली. कंत्राटी माणसांची संख्या सुमारे २२० वरून ४० वर आणावयाचे ठरले. काम दोन दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागले गेले आणि बारा महिन्यांत, शिल्लक निधीच्या आतबाहेर, प्रणाली पुरी करण्याचा मनोदय जाहीर झाला. काय करावयाचे ह्याची यादी ‘बॅकलॉग’ ह्या नावाने ठेवण्यात आली. महाराष्ट्रातील वाचकास ह्या शब्दाने १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीचा ‘अनुशेष’ आठवेल, परंतु दोहोंचे भाव भिन्न आहेत. अनुशेष म्हणजे जे व्हावयास हवे होते आणि झाले नाही ते. त्यात दोषारोप अंतर्भूत आहे. चपळ पद्धतीतील बॅकलॉग ही नुसती क्रमवार यादी असते. तिच्यातील तळाची कलमे कधीच झाली नाहीत तरी कोणाचे वचन मोडत नाही. सरकारी हिशेबतपासनिसाला नेमकी हीच गोष्ट पचणे कठीण जाते.

यादीतील प्रत्येक कलम ‘यूजर स्टोरी’ म्हणून लिहिले जाते. सेंटिनेलमध्ये अशी ६७० कलमे होती. त्यांचा रूढ साचा २००१ च्या सुमारास लंडनमधील कॉनेक्स्ट्रा कंपनीत तयार झाला : अमुक भूमिकेतील व्यक्ती म्हणून मला अमुक करता यावे, म्हणजे अमुक साधेल. जुन्या अपेक्षापत्राचे वाक्य ‘प्रणाली अमुक करील’ असे असते. व्याकरणाच्या दृष्टीने हा कर्त्याचा पालट होय. पहिल्यात कर्ता यंत्र आहे आणि माणूस वाक्याबाहेर आहे. दुसऱ्यात कर्ता माणूस असून यंत्राचा उल्लेखही असेल असे नाही. शिवाय शेवटचे ‘म्हणजे अमुक साधेल’ हे उपवाक्य हेतू सांगते. हेतू ठाऊक असला की बटनाचा रंग ठरविण्याचे काम ते बनविणाऱ्यावर सोपविता येते. अट परत गरजेच्या रूपात आणण्याचा हा प्रयत्न आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु असे साचेबद्ध वाक्य एकटेच वाचले तर ते आठशे पानांपेक्षाही संदिग्ध असते, ही गोष्ट बहुतेक प्रचारग्रंथ नजरेआड करतात. पद्धतीचे एक प्रवर्तक रॉन जेफ्रीज ह्यांनी २००१ सालीच म्हटले होते की, लिहिलेले कार्ड ही केवळ आठवण असून खरा व्यवहार त्यावर होणाऱ्या बोलण्यात आणि शेवटच्या पडताळ्यात आहे. म्हणजे येथे लेखी मजकुराची जागा दुसऱ्या, अधिक आटोपशीर मजकुराने घेतलेली नसून संभाषणाने घेतली आहे. संभाषणात संदिग्धता कशी निस्तरते ह्याविषयी शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स ह्यांचा १९७७ सालचा निबंध आता अभिजात मानला जातो. बोलण्यातील चूक किंवा गैरसमज बहुधा त्याच वाक्यात, नाहीतर पुढच्या दोनतीन पाळ्यांत दुरुस्त होतो, आणि दुरुस्ती करण्याची पहिली संधी बोलणाऱ्यालाच मिळते, असे त्यांनी ध्वनिमुद्रित संभाषणांवरून दाखविले. गैरसमजाचे ठिकाण आणि दुरुस्तीचे ठिकाण ह्यांत अंतर जितके वाढते तितकी दुरुस्ती अवघड होते. कारण मधल्या सर्व पाळ्या चुकीच्या अर्थावर उभ्या राहिलेल्या असतात. व्हर्च्युअल केस फाइलमध्ये हे अंतर वर्षाहून अधिक होते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने ते दोन आठवडे केले. चपळ पद्धतीचे बळ कार्यकर्त्यांच्या उत्साहात किंवा रोज सकाळी उभ्याने होणाऱ्या बैठकीत शोधण्यापेक्षा ह्या अंतरात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

ह्यावरून संस्थेत काय बदलावे लागते तेही कळते. दुरुस्ती करण्याची पहिली संधी बोलणाऱ्याला मिळावयाची, तर बोलणारा जवळ असला पाहिजे, आणि त्याला ‘हे नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकारही असला पाहिजे. योजनानिष्ठ व्यवस्थेत वापरकर्ता आरंभी बोलतो आणि मग कंत्राट-अधिकारी, प्रकल्प-अधिकारी, कंपनीचा व्यवस्थापक व विश्लेषक अशा साखळीतून त्याचे बोलणे आज्ञावली लिहिणाऱ्यापर्यंत जाते. मेल्विन कॉन्वे ह्यांनी १९६८ सालीच असे निरीक्षण नोंदविले होते की, कोणतीही संस्था जी प्रणाली रचते तिच्या रचनेत त्या संस्थेतील दळणवळणाची रचनाच उतरते. ह्या दृष्टीने पाहता २२० माणसांची ४० होणे ही केवळ काटकसर नव्हती. निरोप किती हातांतून जावयाचा ते त्याने बदलले. मधल्या साखळीतील माणसांचे काय होते, हा मात्र पालटाच्या वर्णनांत क्वचित आढळणारा प्रश्न आहे. ती माणसे आळशी अथवा अकुशल नसतात. भाषांतर हाच त्यांचा व्यवसाय असतो. बोलणारे दोघे समोरासमोर आले की दुभाषा अनावश्यक ठरतो. अनेक संस्थांत पालटाला होणारा विरोध हा ह्या थरातून होतो, आणि त्याला केवळ ‘बदलाची भीती’ म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे.

आता ‘पूर्ण’ ह्या शब्दाकडे. चपळ पद्धतीत कोणतेही कलम पूर्ण किंवा अपूर्ण असते. नव्वद टक्के पूर्ण अशी अवस्था मान्य नाही. म्हणून ‘पूर्ण’ म्हणजे काय ह्याची व्याख्या सर्वांनी आधी ठरवून लिहावयाची असते. ज्या पद्धतीने कागदांना दुय्यम मानले तिला हा एक कागद मात्र टाळता आला नाही, ही मौजेची गोष्ट आहे. मराठीत ‘झाले’, ‘संपले’, ‘पुरे झाले’ आणि ‘पार पडले’ ह्यांत ज्या छटा आहेत त्या एका इंग्रजी शब्दात कोंबल्यावर व्याख्येची गरज भासावी ह्यात नवल नाही. शिवाय सेंटिनेलमध्ये जुने अपेक्षापत्रही फेकून दिलेले नव्हते. ६७० कलमांचा मूळ अपेक्षांशी संबंध जोडलेला होता. एफ. बी. आय.ला काँग्रेसपुढे आणि महानिरीक्षकांपुढे उत्तर द्यावयाचे होते, आणि त्यांची भाषा अटींचीच होती. संस्था आतून संभाषणाकडे वळली तरी बाहेरच्या जगाशी तिला दस्तऐवजानेच बोलावे लागते. म्हणून पालट झालेल्या संस्थेत बहुधा दोन भाषा एकाच वेळी नांदतात आणि कोणीतरी त्या दोन्ही जाणणारा ठेवावा लागतो.

पद्धतीची मर्यादा ऑक्टोबर २०११ मध्ये उघड झाली. ७४३ जणांनी एकाच वेळी प्रणाली वापरून पाहण्याची चाचणी योजली होती. तीत प्रणाली दोनदा बंद पडली. कारण शोधता, जुनी यंत्रसामग्री इतका भार पेलण्यास असमर्थ आहे असे निष्पन्न झाले. कलमे एकेकटी तपासली तेव्हा हा दोष दिसला नव्हता, आणि त्याचे कारण पुन्हा वाक्यरचनेत सापडते. ‘तपास-अधिकारी म्हणून मला अहवाल मंजुरीस पाठविता यावा’ ह्या वाक्याला कर्ता आहे. ‘हजारो माणसे एकाच वेळी आली तरी प्रणालीने तग धरावा’ ह्या अपेक्षेला तसा कर्ता नाही. ती कोणा एकाची गरज नव्हे, ती सर्वांच्या मिळून होणाऱ्या परिस्थितीची अट आहे. वेग, सुरक्षितता, टिकाऊपणा ह्या गोष्टी ‘मला’ ह्या पदाने सुरू होणाऱ्या साच्यात नीट बसत नाहीत आणि म्हणून विसरल्या जातात. गरज आणि अट ह्यांतील भेद दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो तो असा : प्रत्येक गरजेची अट करणे जसे घातक, तसेच काही गोष्टी मुळातच अटी आहेत हे विसरणेही घातक. येथे रॉइस आणि बेम ह्यांची योजनाच उपयोगी पडते.

सप्टेंबर २०११ ही ठरविलेली मुदत हुकली, आणि पुढच्याही तारखा बदलल्या. अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्व संस्थेसाठी खुले झाले. बारा महिन्यांचे जवळजवळ एकवीस झाले, परंतु मायटरच्या सहा वर्षांच्या मानाने हा काळ थोडाच म्हटला पाहिजे. खर्च ४५ कोटी १० लाखांच्या मर्यादेत राहिला असे संस्थेने सांगितले. महानिरीक्षकांनी मात्र ह्या हिशेबातील एक बाब आधीच निदर्शनास आणली होती : मूळ अंदाजपत्रकात पूर्तीनंतरच्या दोन वर्षांचा चालविण्याचा खर्च अंतर्भूत होता, नव्या आकड्यात तो नव्हता, आणि तो वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर होता. अपेक्षांची यादी लवचीक झाली की ‘अंदाजपत्रकात बसले’ ह्या वाक्याचा अर्थही लवचीक होतो. तसेच, हे यश केवळ पद्धतीचे मानता येत नाही. पहिल्या दोन टप्प्यांत जे उभे राहिले होते त्याचा काही उपयोग नव्या चमूस झाला. नऊ वर्षांच्या दोन अपयशांनी संस्थेला आपल्या गरजा काय नाहीत हे शिकविले होते. आणि वरिष्ठांनी निर्णय स्वतःकडे घेतले, हा बदल अ‍ॅजाइल हे नाव न घेताही करता आला असता. ह्या कारणांचे वजन वेगवेगळे काढता येईल असा पुरावा अहवालांत नाही, आणि एकाच उदाहरणात तो मिळण्याची अपेक्षाही करू नये.

महानिरीक्षकांनी सप्टेंबर २०१४ मध्ये वापरकर्त्यांच्या अनुभवाविषयी आणखी एक अहवाल प्रसिद्ध केला. सेंटिनेलमुळे कामावर एकंदरीत चांगला परिणाम झाला असे बहुतेकांचे मत पडले. दोन बाबतींत मात्र तक्रार होती. एक, व्यक्ती, स्थळे आणि वाहने ह्यांच्या सूचिनोंदी करण्याचे काम तपास-अधिकाऱ्यांवर येऊन त्यांचा वेळ अधिक जाऊ लागला, दुसरी, शोध. शोधसुविधेचा वारंवार वापर करणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनीच आपणास हवी ती माहिती बहुधा मिळते असे सांगितले. इतरांच्या पदरी एक तर निष्पत्तींची रास पडे, नाहीतर जी नोंद प्रणालीत आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते तीच सापडत नसे.